सांगून करणारा माणूस

त्यांचा चेहरा मला आता धड आठवत नाही. नाक सरळ होतं की बाकदार, असं कुणी विचारलं तर शपथेवर सांगता यायचं नाही. आवाज मात्र आहे. दुपारी जेवून पडवीत कलंडलो, डोळ्यांवर पंचा घेतला, की पेंग येता येता तो येतो. "आता मी पायरी उतरतोय. मधली हलते हं. आता अंगणात आलो. ऊन गडग्यापलीकडे गेलं. माडाची सावली विहिरीला टेकली, आता थोड्या वेळानं दोणीतल्या पाण्यात पडेल." मी पंचा काढून बघत नाही. बघितलं की आवाज जातो, हे मला अनुभवानं ठाऊक झालंय.

वेळणेश्वराहून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मी रत्नागिरीत आलो तो वकिलाचा कारकून म्हणून. मांडवीच्या वाटेवर एका म्हाताऱ्याकडे खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून गेलो. चिऱ्याचं घर, वर कौलं, मागे चार माड, एक फणस. मी फाटकाचं बेडं सरकवून आत शिरतो न शिरतो तोच आतून आवाज आला, "आता मी उठतोय. आता मी दार उघडतोय. तीन पायऱ्या आहेत, मधली हलते हं." मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही वाटतं, आणि ऐकूही कमी येत असेल. मी आपलं नाव, गाव, काम, सगळं बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं.

"ओरडतोस कशाला रे, शिंच्या? दिसतंय मला तुझं थोबाड. बहिरा पण नाही." मग म्हणाले, "आता मी तुला बस म्हणतोय."

आप्पा म्हणायचं त्यांना. कस्टमातून पेन्शनीत निघालेले, एकटे. गाव त्यांना मागून दवंडी म्हणे. काय करतात ते सांगितल्याशिवाय करायचं नाही, हा त्यांचा खाक्या. "आता मी चूल पेटवतोय. ओली आहेत लाकडं, धूर होईल. आता धोतर वाळत घालतोय. आता मी आत आलो. आता मी कशासाठी आत आलो ते विसरलो." हे शेवटचंसुद्धा मोठ्यानं! देवळात गेले तरी गाभाऱ्यासमोर उभे राहून, "हात जोडतोय. मागायला काही आणलेलं नाही," असं देवालाच कळवून मोकळे व्हायचे. दगडांच्या गडग्यापलीकडे नाना राहायचे. दोघांचं त्या फणसावरून दहा वर्षांचं वाकडं. फणस आप्पांचा, फांद्या नानांच्या अंगणात. नाना म्हणायचे, "या माणसाच्या घरात चोर शिरला तर चोराला काही विचारावं लागणार नाही. किल्ली कुठे ठेवली ते हाच बोलून दाखवील."

मी नवा होतो तेव्हा डोकं उठायचं. पुढे सवय झाली. समुद्राची गाज जशी पहिल्या दिवशी झोपू देत नाही आणि महिन्याभरानं ऐकूच येत नाही, तसं झालं. माझे कान त्या बोलण्याला मेले. हे मी मुद्दाम सांगून ठेवतोय. याचं मला पुढे फार वाईट वाटायचं होतं.

ती पायरी एवढी हलते तर बसवून का घेत नाही, असं एकदा मी विचारलं. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

"आणि मग तिचा पाय अडखळेल त्याचं काय?"

"कुणाचा?"

"हिचा. तिच्या पायाला ती हलती पायरी ठाऊक आहे."

हिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

काकूंना मी पाहिलेलं नाही. जे कळलं ते त्यांच्या तिथीच्या दिवशी, आप्पा केळीचं पान पुसत बसले होते तेव्हा. सतराव्या वर्षी अंगावर देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. माणसं म्हणाली, दुसरी कर, हिला माहेरी पोचव. आप्पांनी ऐकलं नाही. आधी ते काही आतासारखे बोलत नसत, चार माणसांसारखेच होते. मग एक मूल झालं आणि पाचव्या महिन्यात गेलं. काकू आत रडत होत्या. आपण रडलो तर हिला कोण सावरणार, म्हणून आप्पा मागे विहिरीवर गेले, तिथे मनसोक्त रडले, तोंड पुसलं आणि आत येऊन तिच्याजवळ गप्प बसले. काकूंनी चाचपडत हात वर नेला. तो गालाला लागला. गाल ओलाच होता.

"तिनं हात झटकन मागे घेतला रे," आप्पा म्हणाले. "म्हणाली, मला दिसत नाही म्हणून तुम्ही मला एकटीलाच रडू दिलंत? आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. नवव्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, आता मी तुझ्यासमोर बसलोय. आता मी डोळे पुसतोय. तेव्हा हात पुढे केला तिनं. त्या दिवसापासून काही लपवलं नाही. डोळसापासून लपवावं, त्याला शोधता येतं. हिला कसं शोधता येणार?"

मी पुढचं पान ओढून पुसायला घेतलं. 

संध्याकाळी ते मांडवीच्या धक्क्यावर जायचे. मीही जायचो, पण दहा पावलं मागून. ओळखीचं कुणी दिसलं की मी यांच्याबरोबर नाहीच, असा आव आणायचो. ते धक्क्याच्या टोकाशी उभे राहून हलक्या आवाजात काकूंना सांगत असायचे. "बोट आली गं. लांब उभी आहे, पडाव निघालेत. पाणी दुपारी हिरवं होतं, आता घंगाळासारखं तांबूस झालंय. एक बाई पडावातून उतरतेय, तिच्या कडेवर पोर आहे, ते झोपलंय. खाडीपलीकडे भाट्याच्या बाजूला धुकं चढलं. झाडं गेली. आता वाळू पण गेली. आता दोन होड्याच उरल्यात आणि त्या कशावर उभ्या आहेत ते दिसत नाही." एकदा मी मागे उभा राहून गमतीनं डोळे मिटले. काय सांगू? मी ती खाडी शेकडो वेळा पाहिलेली, पण अशी कधी पाहिली नव्हती. धुक्यात अधांतरी राहिलेल्या त्या दोन होड्या मला अजून दिसतात. डोळे उघडले तर आप्पा माझ्याकडे बघत होते. "आता मी तुला पकडलं," ते म्हणाले.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या, की पहिल्या दुसऱ्या बोटीनं वेतवाला यायचा. कोर्टाच्या आणि कचेऱ्यांच्या खुर्च्यांचं वेत विणायचा. मूळ पालीजवळच्या खेड्यातला. लहानपणी डोळे गेले तसं कुणी भल्या माणसानं मुंबईला आंधळ्यांच्या शाळेत नेऊन घातला. तिथे तो टिंबांची अक्षरं बोटानं वाचायला शिकला, खुर्च्या विणायला शिकला, आणि लफ्फेदार सही करायला शिकला. ती सही तो मागेल त्याला, न मागेल त्यालाही, करून दाखवायचा. उतरायचा आप्पांच्या पडवीत. त्या दोघांचं छान जमे. आप्पा सांगत, वेतवाला ऐके आणि मधूनच चूक काढी. "आप्पा, तुमी म्हनालात पानी ओतलं. अजून ओतलं नाय." आप्पा खजील होऊन पाणी ओतायचे.

त्या वर्षी तो खुर्ची विणता विणता शाळेतल्या सुट्टीचं सांगत होता. "मे म्हयन्यात शाळा रिकामी व्हायची. ज्यांच्या घरचे न्यायला येत ते जायचे. आमी सात-आठ पोरं राहायचो. आमच्या घरचं कोन येनार? आंधळं पोर घरात आनलं की लोक इचारतात. मग आमी दिवसभर भिंतीला हात लावत फिरायचो. जेवनाची घंटा झाली की जेवायचं. कुनी बोलायला नसायचं. मास्तर पन सुट्टीवर. आता बी तसंच आहे म्हनतात."

आप्पा गप्प झाले. त्यांच्या घरात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

"काय झालं, आप्पा?" वेतवाल्यानं विचारलं.

"आता मी विचार करतोय," आप्पा म्हणाले.

तो विचार आठ दिवस चालला. सकाळी उठले की, "अजून विचारच करतोय," असं मला कळवायचे. नवव्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "आता मी मृत्युपत्र करतोय. घे कागद." घर, विहीर, माड, फणस, सगळं त्या शाळेला. अट एकच. दर वर्षी मे महिन्यात, ज्या मुलांना न्यायला कुणी येत नाही ती मुलं इथे आणायची. पोटभर आंबे द्यायचे, समुद्रावर न्यायचं, आणि घर राखणारा जो कुणी असेल त्यानं त्यांच्याशी बोलत राहायचं. काय करतो ते सांगायचं. काय दिसतं ते सांगायचं.

"हे शेवटचं कशाला लिहायचं?" मी म्हटलं. "कोर्टात हसतील."

"हसू देत. ते आधी लिही."

आमचे वकीलसाहेब गणपतीसाठी हेदवीला घरी गेले होते. ते येईपर्यंत थांबू म्हटलं तर आप्पा ऐकेनात. आणि मलाही वाटलं, एवढं काय त्यात? दहा कागद लिहून हात बसलेला माणूस मी! पूर्वी आमच्याकडे चार ओळी खरडल्या तरी मृत्युपत्र व्हायचं. पण नवा कायदा आला होता. दोन साक्षीदार हवेत. मी म्हटलं, एक मी होतो, दुसरे म्हणून नानांना बोलवू.

"तो फणसचोर? मुळीच नाही. दुसरा साक्षीदार हा," म्हणून त्यांनी वेतवाल्याकडे बोट दाखवलं, आणि लगेच, "मी तुझ्याकडे बोट दाखवतोय रे," असंही सांगितलं. "ज्यांच्यासाठी करायचं त्यांच्यातला एक साक्षीला नको?"

मला ते रास्त वाटलं. त्याची सही छान होती, हेही माझ्या डोक्यात होतं. झालं. आप्पांनी सही केली, मी केली, मग आप्पांनी वेतवाल्याचा हात धरून कागदावर आणला आणि त्यानं लफ्फेदार सही ठोकली. एवढा सुबक लिहिलेला कागद, पण त्याच्या बोटाला आप्पांच्या सहीची ओली शाई लागून खालपर्यंत फराटा उठला. शिंच्यानं कागद बाटवला, असं मी पुटपुटलो. वेतवाला दुसऱ्या दिवशी खेड्यात निघून गेला.

गौरी गेल्यानंतरची गोष्ट. मी कचेरीत होतो. दुपारी आप्पा झोपाळ्यावर होते. नानांना गडग्यापलीकडून ऐकू आलं, "आता जरा पडतो गं." पुढे चार वाजले. रोज चाराला "आता चहाचं आधण ठेवतो" ऐकू येई, ते येईना. नाना दहा वर्षांनी गडगा ओलांडून आले ते त्यामुळे. झोपाळा थांबलेला होता. मी पोचलो तेव्हा नाना पायरीवर बसून घळाघळा रडत होते आणि मलाच ओरडत होते, "बोलत का नाही रे हा? बोलायला सांग त्याला!"

वकीलसाहेब हेदवीहून परतले. मी ऐटीत कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"हा दुसरा साक्षीदार म्हणजे तो खुर्च्या विणणारा?"

"हो."

"त्याला दिसतं?"

 ते काय बोलणार ते शब्द त्यांच्या तोंडून यायच्या आधीच मला कळलं.

"अरे गाढवा! साक्षीदारानं सही करताना पाहिलेलं असावं लागतं. पाहिलेलं! आंधळ्यानं काय पाहिलं?"

मुंबईला आप्पांचा पुतण्या होता. माणूस वाईट नव्हता, पण घर डोळ्यांसमोरून जात असलं तर कोण सोडतो? त्यानं दावा लावला. काकांचं डोकं फिरलेलं होतं हे एक, आणि साक्षीदार आंधळा हे दुसरं. पहिलं जमलं नाही तर दुसरं होतंच. मला अन्न गोड लागेना. त्या मुलांच्या हातचं घर माझ्या शहाणपणानं चाललं होतं. मे महिना आला की ती मुलं पुन्हा भिंतीला हात लावत फिरणार, आणि ते फक्त मला एक कलम ठाऊक नव्हतं म्हणून.

"त्या कलमाचा आणखी एक अर्धा भाग आहे," एके दिवशी वकीलसाहेब म्हणाले. "पाहिलं नसलं तरी चालतं, जर सही करणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं साक्षीदाराला सांगितलं असेल की ही माझी सही. आठव. बोलले का ते तसं?"

आणि मला आठवेना! जो माणूस शिंक आली तरी सांगायचा त्याच्या शेजारी मी बसलो होतो, आणि माझे कान मेलेले. सांगितलं असणारच, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ऐकलेलं असणं वेगळं. साहेब म्हणाले, "खोटं बोलू नकोस. त्या माणसाच्या कागदावर तर नकोच." मी कोर्टात तेच सांगितलं. शाईचा फराटा उठला एवढं आठवतं, ते काय बोलले ते आठवत नाही. पुतण्याचा वकील गालात हसला.

पण त्याच्या आधी नानांची साक्ष झाली होती, पुतण्याच्या बाजूनं. वैरी मेला तरी फणस जिवंत होता ना! वेड सिद्ध करायला त्यांच्याइतका जवळचा माणूस कोण मिळणार? नाना रंगात आले. "एकही गोष्ट सांगितल्याशिवाय करत नसे, साहेब! पाणी प्यायला तरी सांगे. नाक शिंकरलं तरी सांगे. एकट्यानं, भिंतीशी, दिवसभर!" कोर्टात हशा पिकला.

आमचे साहेब उठले. एकच प्रश्न. "म्हणजे, नाना, न सांगता त्यांनी सही केली असेल?"

"छे! त्या माणसाकडून ते शक्यच नाही!" नाना तावातावानं म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. मला वाटलं, आता फिरवतील. नानांनी पुतण्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नाहीच करायचा तो. खरं आहे ते."

शेवटी वेतवाला आला. त्याला पालीच्या खेड्यातून गाडी पाठवून आणलं होतं. पिंजऱ्यात उभा राहिला, मान जराशी वर, आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. "आप्पा म्हनाले, आता मी टाक बुडवतोय. आता मी टाक झटकतोय. आता मी सही करतोय. मग टाक कागदावर चालला, तो मी ऐकला. मग म्हनाले, झाली. ही माझी सही हो, माझ्या मृत्युपत्रावरची. हात दे. ओली आहे हं. माझं बोट त्यांनी तिच्यावर ठेवलं, नि खाली आनलं. म्हनाले, इथं तुझी कर." आणि तो पुढे म्हणाला, "तवा कारकून म्हनाले, शिंच्यानं कागद बाटवला. तोंडातल्या तोंडात म्हनाले, पन मला ऐकू आलं."

जज्जसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहून मान डोलावली. मी ते कुणालाच, अगदी आमच्या साहेबांनाही, बोललो नव्हतो. जज्जसाहेबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि तो फराटा सहीपासून खालपर्यंत बोटानं तपासला.

घर शाळेला गेलं. राखायला माणूस हवा होता, आणि भाडेकरू म्हणून मी तिथेच होतो, म्हणून मीच राहिलो. शाळेच्या मास्तरांनी पत्रात ती अट पुन्हा लिहून पाठवली होती. घर राखणाऱ्यानं बोलत राहायचं. मी एप्रिलमध्ये आधी गवंडी बोलावून मधली पायरी बसवून घेतली. मुलं येणार, कुणाचा पाय मुरगळला तर काय घ्या! काकूंच्या पायाची मनातल्या मनात माफी मागितली, पण केलं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बैलगाडी बेड्याशी थांबली. आठ मुलं आणि एक मास्तर. सगळ्यांत पुढे एक लहान मुलगी, दोन वेण्या, हात समोर धरलेला. मी दारात उभा होतो, आणि माझं तोंड उघडेना. हसाल तुम्ही. ज्याला इतकी वर्षं हसलो ते आता आपल्याला करायचं, तर लाज वाटत होती.

"कुणी आहे का?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. घसा खाकरला. "मी आहे. दारात उभा आहे. दार उघडं आहे. तीन पायऱ्या आहेत, मधली हलते हं."

तिनं मधल्या पायरीवर पाय ठेवला, जरा दाबून पाहिला, पुन्हा दाबला.

"नाही हलत," ती म्हणाली.

"नाही हलत. मीच बसवून घेतली."

"मग असं का सांगितलंत?"

 मागे माडांत वारा होता, आणि झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली. मुलगी पायरीवर थांबून मान वर करून माझं गप्प बसणं ऐकत होती.

"आता काय करताय तुम्ही?" तिनं विचारलं.

"आता मी डोळे पुसतोय," मी म्हटलं.